आजारी यंत्राची साक्ष



नागपुरात धंतोली भागात शिरले की जागोजागी दवाखान्यांच्या पाट्या दिसू लागतात. विदर्भातल्या कितीतरी खेड्यांतून माणसे आपला रोगी घेऊन तिथे येतात. रोगी पुष्कळदा म्हणतो, "मला काही झालेलं नाही." डॉक्टर ते ऐकून घेतात, पण त्यावर विसंबत नाहीत. ते ताप मोजतात, रक्त तपासावयास पाठवतात, आणि ज्या सुईने रक्त काढावयाचे ती स्वच्छ आहे ना, हे आधी पाहतात. आज आपण ज्या रोगाचा इतिहास पाहणार आहोत तो माणसाचा नव्हे, घरातल्या आणि शाळेतल्या संगणकाचा. पण तो बरा करणाऱ्यांनाही हेच दोन नियम शिकावे लागले. रोग्याचा शब्द प्रमाण धरावयाचा नाही, आणि साधन स्वच्छ हवे.

हा विषाणू म्हणजे काही किडा नव्हे. संगणकाला ओळीने दिलेल्या आज्ञा म्हणजे प्रोग्राम. जो प्रोग्राम मालकाला न विचारता आपलीच नक्कल दुसऱ्या ठिकाणी चिकटवतो, तो व्हायरस. अमेरिकेत 1983 साली फ्रेड कोहेन नावाच्या विद्यार्थ्याने असा प्रोग्राम प्रयोगादाखल करून दाखविला, आणि त्याचे गुरू लेनर्ड एडलमन यांनी त्याला हे नाव सुचविले.

घरोघरच्या संगणकांना पहिली मोठी बाधा झाली ती आपल्या शेजारून. 1986 साली लाहोरच्या बसित आणि अमजद फारूक अल्वी या दोघा भावांनी 'ब्रेन' नावाचा व्हायरस लिहिला. आपण तयार केलेल्या वैद्यकीय प्रोग्रामची चोरून नक्कल होऊ नये म्हणून हे केले, असे त्यांचे म्हणणे. त्यांनी त्यात आपले नाव, पत्ता आणि फोन नंबरसुद्धा घातले होते! त्या काळी माहिती नेण्या-आणण्यासाठी फ्लॉपी नावाची चौकोनी पाकिटातली पातळ तबकडी असे. या हातातून त्या हातात ती फिरली, आणि तिच्याबरोबर ब्रेनही परदेशांत पोचला.

शिक्षक बंधुभगिनींनो, ब्रेनची लबाडी तुम्हांला चटकन समजेल. फ्लॉपीच्या अगदी पहिल्या भागात यंत्र सुरू करण्याच्या आज्ञा असतात. हजेरीपटाचे पहिले पानच म्हणा ना! ब्रेन ते पान काढून दुसरीकडे ठेवी आणि त्या जागी स्वतः बसे. मग कोणी तपासावयास आले, की लबाड कारकून साहेबांपुढे खरे पान धरतो, तसे तो जुने पान दाखवी. तपासणारा म्हणे, सर्व ठीक आहे. आजारी यंत्र खोटी साक्ष देते ते असे.

पुढे जून 1990 मध्ये भारतात एक व्हायरस सापडला. त्याचे नाव काय, तर 'जोशी'! आडनाव आपल्या गल्लीतले, पण गुण मात्र वाईट. दर वर्षी 5 जानेवारीला यंत्र बंद पडल्यासारखे होई, आणि पडद्यावर जोशींना वाढदिवसाच्या शुभेच्छा टाइप करण्याची मागणी येई. त्या टाइप केल्याखेरीज काम पुढे सरकत नसे. ऐकताना हसू येते. पण दुसऱ्या दिवशी पगारपत्रके द्यावयाची असतील, तर हसणार कोण?

हा जोशी ब्रेनपेक्षा हट्टी होता. संगणक अडला की लोक तीन कळा एकदम दाबून तो पुन्हा सुरू करीत. जोशी ते ओळखी, आणि यंत्र नव्याने सुरू झाल्याचा देखावा करून आत ठाण मांडून राही. म्हणून जाणत्यांनी रीत घालून दिली. विजेचे बटण बंद करा, म्हणजे यंत्राच्या स्मरणातून तो जाईल. मग आधीपासून जपून ठेवलेल्या निरोगी फ्लॉपीवरून यंत्र सुरू करा. त्या फ्लॉपीच्या कडेची खाच चिकटपट्टीने बुजवलेली असावी, म्हणजे तिच्यावर कोणालाच काही लिहिता येत नाही. त्यानंतरच तपासणी. अशा वेळी व्हायरस झोपलेला असतो, त्यामुळे त्याला खोटे पान पुढे करता येत नाही. तो सापडतो, आणि मूळ पान त्याच्या जागी परत बसवता येते.

ही विद्या आपल्या महाराष्ट्रात कोणी वाढविली? सातारा जिल्ह्यातल्या रहिमतपूरचे कैलास काटकर यांचे शिक्षण दहावीपर्यंतचे. 1985 च्या सुमारास ते पुण्यात महिना 400 रुपयांवर कॅल्क्युलेटर दुरुस्तीच्या दुकानात लागले. 1990 मध्ये त्यांनी सुमारे 15,000 रुपयांच्या भांडवलावर स्वतःचे छोटे दुकान थाटले. पुढे दुरुस्तीला संगणकही येऊ लागले. त्यांतल्या कित्येकांत मोडलेले काहीच नसे, व्हायरस शिरलेला असे. एकदा काढला तरी तो पुन्हा येई. धाकटे बंधू संजय पुण्याच्या मॉडर्न कॉलेजात संगणकशास्त्र शिकत होते. त्यांना तिकडे घालण्याचा आग्रहही कैलासरावांचाच. थोरल्याने अडचण सांगितली, धाकट्याने प्रोग्राम लिहिला. 6 मार्चला संगणकातली माहिती पुसणाऱ्या 'मायकेलअँजेलो' व्हायरसवर त्यांचा सुरुवातीचा उतारा होता. त्यातून 1990 च्या दशकाच्या मध्यास 'क्विक हील' हा प्रोग्राम बाजारात आला, आणि 2016 साली त्यांच्या कंपनीचे शेअर्स शेअरबाजारात नोंदले गेले. लाहोरच्या दोघा भावांनी रोग सोडला, पुण्याच्या दोघांनी औषध केले. दोन्हीकडे लागले ते हुन्नरच. फरक हेतूचा.

मग आता फ्लॉपी गेली, तसा रोगही गेला का? नाही. तो आता पेन ड्राइव्हमधून येतो, ईमेलमधून आणि इंटरनेटवरून येतो, आणि त्याचा धंदाच झाला आहे. तुमचीच माहिती कुलूपबंद करावयाची आणि किल्लीसाठी खंडणी मागावयाची. मे 2017 मध्ये 'वॉनाक्राय'ने ब्रिटनच्या रुग्णालयांची कामे अडवली. जूनअखेरीस 'पेट्या' नावाने ओळखल्या गेलेल्या हल्ल्याने आपल्या न्हावाशेवा बंदरातल्या एका टर्मिनलचे काम विस्कळीत केले. इथे एक गोष्ट नीट लक्षात घ्या. अशा वेळी व्हायरस काढला, तरी कुलूप उघडत नाही. चोर पकडला म्हणून किल्ली मिळते असे थोडेच आहे?

तेव्हा घरचा किंवा शाळेचा संगणक आजारी वाटला, तर काय करावे? आधी त्याचे इंटरनेट तोडा. त्याला कोणताही चांगला पेन ड्राइव्ह लावू नका, नाहीतर तोही बाधायचा. 'तुमच्या संगणकात व्हायरस आहे, या नंबरवर फोन करा' अशी पाटी पडद्यावर आली, तर फोन करू नका. ती त्या आजारी यंत्राचीच साक्ष. बँकेचे आणि ईमेलचे पासवर्ड दुसऱ्या, निरोगी यंत्रावरून बदला. तपासणीचा प्रोग्रामही निरोगी यंत्रावर, मूळ ठिकाणाहूनच उतरवून घ्या. केंद्र सरकारने 2017 साली 'सायबर स्वच्छता केंद्र' सुरू केले, त्यामार्फत अशी साधने मोफत दिली जातात. शक्य तर आजारी संगणक त्याच्या नेहमीच्या डिस्कवरून नव्हे, बाहेरच्या स्वच्छ डिस्कवरून सुरू करून तपासा. जोशीच्या काळची रीत आजही तीच आहे. एवढे करूनही शंका राहिली, तर डिस्क साफ पुसून सारे नव्याने बसवा.

पण पुसण्याचे धैर्य कोणाला होईल? ज्याने आपल्या कागदांची दुसरी प्रत वेगळी ठेवली आहे त्यालाच. शेतकरी बियाणे धान्याच्या राशीत मिसळत नाही, वेगळ्या कणगीत ठेवतो. राशीला कीड लागली तरी पुढची पेरणी होते. गुरुजी, मुलांची गुणपत्रके, शाळा सोडल्याच्या दाखल्यांची नोंद, जन्मतारखा यांची एक प्रत वेगळ्या डिस्कवर काढा आणि ती डिस्क यंत्राला लावून न ठेवता कपाटात ठेवा. शेतकरी मंडळींनीही मुलाच्या संगणकात ठेवलेल्या सातबाऱ्याच्या आणि कर्जाच्या कागदांचे तसेच करावे. हे काम अर्ध्या तासाचे आहे, आणि ते यंत्र निरोगी असतानाच करावयाचे असते.