फिलिंग, रूट कॅनाल, कॅप, ब्रिज की इम्प्लांट? दातांचे उपचार सोप्या भाषेत

आपण इथे नेहमी मोबाईल, ॲप आणि गॅजेट्सबद्दल बोलतो. आजचा विषय जरा वेगळा आहे, पण त्याची सुरुवात एका मोबाईलपासूनच झाली.

तीन वर्षांपूर्वी माझ्या खालच्या उजव्या दाढेचं रूट कॅनाल झालं. ठणका थांबला. डॉक्टर म्हणाल्या, "पंधरा दिवसांत कॅप बसवून घ्या, टाळू नका." मी मान हलवली आणि कॅपसाठी बाजूला ठेवलेल्या पैशांतून नव्या मोबाईलचं डाउन पेमेंट केलं. दाढ दुखत नव्हती, मग घाई कशाला? पाच महिन्यांनी शेंगदाण्याची चिक्की खाताना कट्‌कन आवाज आला. दाढ उभी चिरली होती, थेट मुळापर्यंत. ती काढावीच लागली. तो मोबाईल आज ड्रॉवरमध्ये बंद पडलाय आणि दाढेची रिकामी जागा भरायला मला कॅपच्या कितीतरी पट खर्च आणि आठ महिने लागले.

त्या आठ महिन्यांत मी जे समजून घेतलं, ते आज तुम्हाला सांगतो. म्हणजे डॉक्टर एखादा उपचार सुचवतील तेव्हा तो कशासाठी आहे, हे तुम्हाला कळेल.

आधी दाताची रचना पाहूया

दाताला तीन मुख्य थर असतात. सर्वात बाहेर इनॅमल, म्हणजे आपल्या शरीरातला सर्वात कठीण पदार्थ. त्याच्या आत डेंटिन आणि मधोमध पल्प, ज्यात नस आणि रक्तवाहिन्या असतात. इनॅमलमध्ये जिवंत पेशी नसतात, त्यामुळे एकदा खड्डा पडला की तो आपोआप भरत नाही. मोबाईलची फुटलेली काच दुकानात बदलून मिळते, इनॅमल पुन्हा उगवत नाही.

कीड बाहेरून आत जाते. ती कुठल्या थरापर्यंत पोहोचली आहे, यावरच उपचार ठरतो. जितका उशीर, तितका उपचार मोठा.

१. फिलिंग (सिमेंट भरणे)

कीड इनॅमल किंवा डेंटिनपर्यंतच असेल तर फिलिंगवर काम भागतं. डॉक्टर किडलेला भाग काढून खड्डा स्वच्छ करतात आणि त्यात मटेरियल भरतात. पूर्वी 'चांदी' भरायचे. त्याला अमाल्गम म्हणतात आणि त्यात साधारण निम्मा पारा असतो. आता जास्त करून दाताच्या रंगाचं कॉम्पोझिट वापरतात.

कॉम्पोझिट साधारण २ मिलीमीटरच्या थरांत भरतात आणि प्रत्येक थरावर काही सेकंद निळा प्रकाश टाकतात. त्या प्रकाशाने मऊ मटेरियल जागेवरच कडक होतं. डॉक्टरांच्या हातातली नारिंगी काच त्याच प्रकाशापासून डोळे वाचवण्यासाठी असते. बहुतेक वेळा एकाच भेटीत काम होतं.

२. रूट कॅनाल

कीड पल्पपर्यंत गेली की रात्री झोप उडवणारा ठणका सुरू होतो. इथे नुसतं फिलिंग करून उपयोग नसतो. पेनकिलर घेऊन दुखणं दबतं, पण आतलं इन्फेक्शन तसंच राहतं.

रूट कॅनालमध्ये जागा बधिर करून दाताला वरून छिद्र पाडतात, आतला खराब पल्प बारीक फाईलने काढतात, नळ्या औषधाने धुतात आणि भरून बंद करतात. खालच्या पहिल्या दाढेला सहसा दोन मुळं आणि तीन नळ्या असतात. नळी किती लांब आहे हे मोजायला ॲपेक्स लोकेटर नावाचं छोटं यंत्र असतं. त्याची एक क्लिप ओठाला, दुसरी फाईलला. विजेच्या अगदी सौम्य प्रवाहावरून फाईल मुळाच्या टोकाशी पोहोचली की नाही, ते स्क्रीनवर दिसतं.

नळीत भरतात ते मटेरियल म्हणजे गटापर्चा, एका झाडाच्या चिकापासून मिळणारा पदार्थ. १८५८ साली अटलांटिक महासागराच्या तळाशी टाकलेल्या पहिल्या तारायंत्राच्या केबलवरही याच गटापर्चाचं आवरण होतं! पाणी आत शिरू न देणं, हे त्याचं काम तिथेही होतं आणि दाढेतही आहे.

३. कॅप (क्राऊन)

मी चुकलो ते इथेच. रूट कॅनाल झालेली दाढ दुखत नाही, म्हणून ती बरी झाली असं वाटतं. पण किडीने आणि उपचाराने तिचा बराच भाग गेलेला असतो, उरतात त्या पातळ भिंती. चावताना सगळा जोर त्यांच्यावर येतो आणि त्या फाकतात. कॅप या भिंतींना चारही बाजूंनी धरून ठेवते. म्हणून दाढेला रूट कॅनालनंतर सहसा कॅप लागतेच. समोरच्या दाताला मात्र तो फारसा झिजलेला नसेल तर कधीकधी फिलिंगही पुरतं.

कॅपचे मुख्य प्रकार असे:

- मेटल: मजबूत आणि स्वस्त, पण हसताना दिसते.
- मेटल-सिरॅमिक: आत धातू, वर दातासारखा थर. हा थर कधीकधी टवका उडून निघतो आणि हिरडीजवळ काळसर रेघ दिसू शकते.
- झिर्कोनिया: धातूची चौकट नाही, मजबूत आणि दिसायला चांगली, पण महाग.

झिर्कोनिया कॅप कशी बनते हे मला फार आवडलं. कॉम्प्युटरवर डिझाईन करून मशीन ती ठोकळ्यातून कोरून काढतं, तेही मुद्दाम मोठ्या मापाची. मग ती सुमारे १५०० अंश सेल्सिअसच्या भट्टीत भाजली की आकसून बरोबर मापाची होते. तोंडात कॅमेऱ्यासारखा स्कॅनर फिरवून कॅप बनवण्याचं तंत्र नवीन वाटतं, पण १९८५ सालीच झुरिकमध्ये पहिल्या पेशंटवर ते वापरलं गेलं होतं.

४. दात गेलाच तर?

"एकच दाढ गेली, राहू दे की," असं मलाही वाटलं होतं. पण रिकाम्या जागेकडे शेजारचे दात कलंडतात, समोरच्या जबड्यातला दात तिकडे सरकतो आणि तिथलं हाड हळूहळू झिजतं. नंतर दात बसवायला जागाच नीट उरत नाही. (अक्कलदाढ काढली तर मात्र तिच्या जागी नवीन दात बसवायची सहसा गरज नसते.) पर्याय तीन आहेत.

ब्रिज: रिकाम्या जागेच्या दोन्ही बाजूंचे दात घासून लहान करतात आणि तीन जोडलेल्या कॅप बसवतात, मधली त्या गेलेल्या दाताची. ऑपरेशन लागत नाही आणि काम काही आठवड्यांत होतं. तोटा हा की शेजारचे दात चांगले असले तरी ते घासावे लागतात. ब्रिजखाली अन्न अडकतं, म्हणून तिथे खास फ्लॉस किंवा बारीक ब्रशने रोज सफाई हवी.

इम्प्लांट: जबड्याच्या हाडात टायटॅनियमचा स्क्रू बसवतात, त्यावर जोडणीचा भाग आणि त्यावर कॅप. हा शोध अपघातानेच लागला. १९५२ साली पेर-इंगवार ब्रोनेमार्क हे स्वीडिश संशोधक सशाच्या हाडात टायटॅनियमचं उपकरण बसवून अभ्यास करत होते. काम संपल्यावर ते निघेचना, कारण हाड त्याला घट्ट चिकटलं होतं. १९६५ मध्ये त्यांनी पहिल्या माणसाच्या जबड्यात इम्प्लांट बसवले. हाड असं धरायला साधारण तीन ते सहा महिने लागतात, त्यामुळे इथे घाई चालत नाही. सिगारेट ओढणाऱ्यांमध्ये आणि शुगर आटोक्यात नसलेल्यांमध्ये इम्प्लांट फेल होण्याचा धोका वाढतो. तुम्ही १८ वर्षांखालील असाल तर जबड्याची वाढ पूर्ण होईपर्यंत डॉक्टर थांबायला सांगतात.

कवळी: काढता-घालता येते आणि सर्वात स्वस्त पडते. एक-दोन दातांची अर्धवट कवळीही मिळते. ती रात्री काढून पाण्यात ठेवायची. उकळत्या पाण्यात टाकली तर ती वाकडी होते.

माझे शेजारचे दोन्ही दात धडधाकट होते. त्यांना हात लावायचा नव्हता, म्हणून मी इम्प्लांट निवडलं. आता नीट चावता येतं. पण आमची आई अजून म्हणते, "स्वतःची दाढ ती स्वतःची." खरंय. इम्प्लांटला कीड लागत नाही, पण भोवतालची हिरडी बिघडून ते सैल होऊ शकतं. म्हणजे ब्रश सुटत नाहीच!

अपघातात दात निखळला तर

क्रिकेटचा बॉल लागून किंवा गाडीवरून पडून कायमचा दात अख्खा बाहेर आला तर तो फेकू नका. वरच्या पांढऱ्या भागाला धरा, मुळाला हात लावू नका, घासू नका. घाण लागली असेल तर हलकेच धुवा, थंड दुधात ठेवा आणि लगेच डेंटिस्टकडे जा. अर्ध्या तासात पोहोचलात तर तोच दात पुन्हा रुजण्याची शक्यता चांगली असते. लहान मुलांचे दुधाचे दात मात्र परत बसवत नाहीत.

डॉक्टरांना काय विचाराल?

- एक्स-रेमध्ये कीड कुठपर्यंत दिसते? (डिजिटल एक्स-रेची कॉपी मोबाईलमध्ये ठेवा.)
- दात वाचवता येईल का? नसेल तर का?
- कॅप धरून एकूण खर्च किती? लिहून घ्या.
- किती भेटी, किती महिने?
- कॅपचं वॉरंटी कार्ड आणि इम्प्लांटची कंपनी, साईज यांची नोंद मिळेल का?

खर्च परवडत नसेल तर उपचार अर्धवट सोडू नका. मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर इथे शासकीय दंत महाविद्यालयं आहेत, मुंबईत महापालिकेचं नायर दंत महाविद्यालयही आहे. तिथे खाजगी दवाखान्यापेक्षा बऱ्याच कमी पैशांत काम होतं. वेळ जास्त लागतो, पण दात वाचतो.

आणि हो, तुमचं रूट कॅनाल होऊन कॅप राहिली असेल, तर हा लेख बंद करून आधी डॉक्टरांना फोन लावा. नवा मोबाईल पुढच्या सेलमध्येही मिळेल.