वस्त्र आणि कागद यांच्या स्पर्शाचे काही मराठी शब्द

कागद, शाई, रेशीम, मखमल ही नामे मराठीत फारसीच्या द्वारे आली. परंतु त्या वस्तूंवर हात फिरवून जो निर्णय द्यावयाचा, त्याचे शब्द बहुतांशी घरचेच राहिले. मऊ (सं. मृदु), भरड, खरखरीत, तलम, सुळसुळीत ही त्यांतील काही. नरम व मुलायम हे ठळक अपवाद होत.

या विशेषणांत वर्णन व मूल्य ही एकत्र नांदतात, आणि मूल्य वस्तूगणिक पालटते. बोरूने लिहिणाऱ्यास खरखरीत कागद म्हणजे शत्रूच. टोक अडते, शाई फुटते. म्हणून जुन्नर व दौलताबाद येथील कागदी लोक कागदास खळ लावून, वाळवून गुळगुळीत दगडाने घोटीत असत, आणि ‘घोटीव’ हे कागदाच्या स्तुतीचे विशेषण झाले. कापडासही खळ असते. कोकणात ती घरोघरी भाताच्या कांजीची. पण येथे तीच खळ संशयास्पद ठरते! जाणते गिऱ्हाईक कापड चिमटीत चुरडून, खळ झाडून, खरा पोत पाहते. पातळ हा शब्द तर विशेषणपण सोडून लुगड्याच्या एका प्रकाराचे नावच होऊन बसला.

‘जाडेभरडे’ या शब्दाचा इतिहास मात्र अधिक विचारणीय आहे. भरड म्हणजे मुळात जाडसर दळलेले धान्य. जात्यावरून तो शब्द मागावर आला आणि गरिबीचे चिन्ह बनला. पेण–रोहे टापूतील कासूसारख्या भातशेतीच्या गावांत अंगावरचे कापड जाडेभरडे असणे हे अनेकांच्या बाबतीत निवडीचे नव्हे, निरुपायाचे काम होते. त्याच पेण तालुक्यातील गागोदे येथे १८९५ साली जन्मलेले विनोबा भावे १९२१ मध्ये वर्ध्याच्या आश्रमात गेले. तेथे सूतकताई हे व्रत होते. म्हणजे ज्या स्पर्शास शेतकऱ्याचा निरुपाय होता, तोच सुशिक्षितांनी निश्चयाने पत्करला. शब्द बदलला नाही, स्पर्शही नाही; केवळ निवाडा फिरला. आणि तोही सर्वत्र नव्हे. ‘जाडेभरडे का होईना’ हा प्रयोग आजही क्षमायाचनेचाच आहे. चळवळीने शब्दाचा कलंक पुरता धुतला, हे मत मला म्हणूनच मान्य होत नाही.

कागदाचे वेगळे घडले. १९३४ साली स्थापन झालेल्या अखिल भारतीय ग्रामोद्योग संघाने वर्ध्यास मगनवाडीत हातकागदाचे काम चालविले. बोरू केव्हाच मागे पडला होता. गुळगुळीत कागद गिरणी स्वस्तात देत होती. आज हातकागदाचा खडबडीतपणा लग्नपत्रिकेत मोल वाढवितो. तथापि विक्रेता त्यास खरखरीत म्हणत नाही. तो म्हणतो, ‘याचा पोत पाहा.’ पोत या शब्दाच्या मुळाशी वस्त्रवाचक प्राकृत ‘पोत्त’ आहे, आणि हातकागदाच्या लगद्यात जुन्या कापडाच्या चिंध्याही असतात.