एचआयव्ही निदानानंतर दांपत्याची चाचणी व सुरक्षित लैंगिक संबंध

पती किंवा पत्नीला एचआयव्हीची लागण झाल्याचे निष्पन्न झाल्यानंतर दुसऱ्या जोडीदाराची चाचणी, दोघांचे समुपदेशन, औषधोपचार आणि लागण टाळण्याचे उपाय यांचा या विषयात समावेश होतो. ज्या दांपत्यात एक जोडीदार बाधित व दुसरा अबाधित असतो, त्यास एचआयव्ही-विसंगत दांपत्य म्हणतात. नियमित उपचारांनी बाधित जोडीदाराच्या रक्तातील विषाणू चाचणीत न आढळण्याइतके कमी झाले व तसेच टिकले, तर लैंगिक संबंधातून लागण होत नाही.

नाशिकमधील पार्श्वभूमी

नाशिक शहर मुंबई–आग्रा महामार्गावर असून सातपूर व अंबड येथील औद्योगिक वसाहतींत बाहेरगावचे कामगार येतात. मालमोटारचालक आणि स्थलांतरित कामगार यांना राष्ट्रीय एड्स नियंत्रण संघटना (नॅको) प्रतिबंध कार्यक्रमात 'सेतू गट' मानते. त्यांच्यामार्फत लागण घरातील जोडीदारापर्यंत पोहोचू शकते. नाशिकच्या जिल्हा शासकीय रुग्णालयात एआरटी केंद्र आहे. शासकीय केंद्रांतील चाचणी, समुपदेशन व औषधे मोफत असतात. देशात मोफत एआरटी औषधांचे वाटप १ एप्रिल २००४ रोजी सुरू झाले.

जोडीदाराची चाचणी

चाचणी एकात्मिक समुपदेशन व चाचणी केंद्रात संमतीने केली जाते. पहिल्या चाचणीत संसर्गाचा संकेत मिळाल्यास वेगळ्या किटने पुन्हा चाचणी होते. लक्षणे नसलेल्या व्यक्तीस बाधित ठरवण्यापूर्वी असे तीन निष्कर्ष जुळावे लागतात. लागण झाल्यानंतर काही आठवडे प्रतिपिंडे आढळत नाहीत. या गवाक्षकाळामुळे जोडीदाराचा अहवाल नकारात्मक आला तरी तीन महिन्यांनी फेरचाचणी केली जाते.

गरोदरपणातील तपासणीमुळे अनेकदा पत्नीचे निदान आधी होते व कुटुंबात दोष तिच्यावर येतो. प्रत्यक्षात निदानाच्या क्रमावरून कोणाला आधी लागण झाली हे ठरत नाही.

उपचार आणि प्रसार

एचपीटीएन ०५२ या आंतरराष्ट्रीय चाचणीत नऊ देशांतील १,७६३ विसंगत जोडप्यांचा अभ्यास झाला. त्यात पुणे व चेन्नई येथील केंद्रे होती. लवकर सुरू केलेल्या उपचारांमुळे जोडीदाराला होणारी लागण ९६ टक्क्यांनी घटल्याचे २०११ मध्ये जाहीर झाले. अंतिम विश्लेषणात हे प्रमाण ९३ टक्के होते. भारतात २०१७ पासून निदान होताच उपचार देण्याचे धोरण आहे. औषधे सुरू झाल्यावर विषाणूभार दबण्यास साधारणपणे सहा महिन्यांपर्यंत कालावधी लागतो. गोळ्या चुकल्यास तो पुन्हा वाढू शकतो.

निरोध व अन्य उपाय

विषाणूभार दबल्याची खात्री होईपर्यंत प्रत्येक संबंधात कंडोम आवश्यक ठरतो. लॅटेक्स कंडोमसोबत खोबरेल तेल किंवा व्हॅसलीन वापरल्यास तो फाटू शकतो. पाण्यावर आधारित वंगण सुरक्षित असते. कंडोममुळे गरमीसारखे अन्य गुप्तरोगही टळतात, त्यामुळे दोघेही बाधित असतानाही त्याचा उपयोग होतो. अबाधित जोडीदारासाठी संबंधापूर्वी घ्यावयाची प्रतिबंधक औषधेही उपलब्ध आहेत. कंडोम फाटल्यास संपर्कोत्तर औषधे ७२ तासांच्या आत सुरू करून २८ दिवस घ्यावी लागतात. आलिंगन, चुंबन, एकत्र जेवण किंवा एकच शौचालय वापरणे यांतून लागण होत नाही.

अपत्यप्राप्ती

विषाणूभार दबलेला असताना विसंगत दांपत्यास नैसर्गिक गर्भधारणा शक्य असते. आई बाधित असल्यास तिचे उपचार चालू ठेवून बाळाला जन्मानंतर प्रतिबंधक औषध दिले जाते. बाळाची पहिली चाचणी सहा आठवड्यांनी, तर अंतिम निश्चिती अठरा महिन्यांनी होते.

गोपनीयता व कायदा

एचआयव्ही व एड्स (प्रतिबंध व नियंत्रण) अधिनियम, २०१७ हा कायदा १० सप्टेंबर २०१८ रोजी अमलात आला. त्यानुसार चाचणीस माहितीपूर्ण संमती आवश्यक आहे. बाधित व्यक्तीने लागण टाळण्यासाठी वाजवी खबरदारी घेणे अपेक्षित आहे. जोडीदारास लागणीचा मोठा धोका असून समुपदेशनानंतरही ती व्यक्ती त्याला सांगणार नाही अशी खात्री झाल्यास, डॉक्टर किंवा समुपदेशक तिला पूर्वकल्पना देऊन जोडीदाराला समक्ष माहिती देऊ शकतात. मात्र त्यामुळे हिंसा किंवा घराबाहेर काढले जाण्याची वाजवी भीती असल्यास, विशेषतः स्त्रियांच्या बाबतीत, अशी माहिती देता येत नाही. मार्गदर्शनासाठी नॅकोची १०९७ ही निःशुल्क दूरध्वनी सेवा आहे.