कानोंचे तीन वस्ताद

१८७७ साली तोक्यो विद्यापीठात नुकताच दाखल झालेला, किरकोळ अंगकाठीचा, सतरा वर्षांचा एक विद्यार्थी शहरातील हाडवैद्यांची दारे धुंडाळीत हिंडत होता. आणि त्याचे एकही हाड मोडलेले नव्हते. जिगोरो कानो हे त्याचे नाव. १८६० साली कोबेनजीकच्या मिकागे गावी, तांदळाचे मद्य तयार करणाऱ्या एका सधन घराण्यात तो जन्मला, आई निवर्तल्यावर वडिलांपाशी राजधानीत आला, आणि वसतिगृहात राहून इंग्रजी विद्येत जसजसा पुढे गेला तसतसा दांडग्या सोबत्यांच्या हातचा मार खाऊ लागला. जुजुत्सू नावाची एक विद्या आहे व तिच्या बळावर लहान चणीचा मनुष्यही धिप्पाडास लोळवू शकतो, एवढे त्याच्या कानी आले होते. ती शिकवणारा मात्र कोठे आढळेना.

न आढळण्याचे कारण राजकीय होते. १८६८ च्या सत्तांतरानंतर तीनच वर्षांत नव्या मेइजी सरकारने सरदारांच्या जहागिरी खालसा केल्या, १८७६ मध्ये सामुराईंचे पिढीजाद तनखे बंद करून त्यांच्या हाती सरकारी रोखे ठेवले, आणि त्याच वर्षी कमरेला तलवार लावण्यास मनाई करणारा हुकूम काढला. (आपल्याकडचा शस्त्रांचा कायदा दोनच वर्षांनंतरचा, १८७८ चा, पण तो परक्यांनी केला आणि हा स्वकीयांनी, एवढा फरक ध्यानात ठेवावा.) ज्या दरबारांच्या आश्रयाने या विद्येचे वस्ताद पोसले जात ते दरबारच उरले नाहीत, तेव्हा सांधे निखळविण्यात मुरलेल्या त्यांच्यापैकी कित्येकांच्या हातांनी सांधे बसविण्याचा धंदा पत्करला. तालीम आणि हाडवैद्यकी यांचे हे नाते मराठी वाचकाला समजावून सांगायला नको. बडोद्याचे प्राध्यापक माणिकराव आखाड्याइतकेच मोडलेल्या हातपायांसाठीही प्रसिद्ध होते. वस्ताद शोधायचा तर हाडवैद्याकडे विचारावे, हा कानोंचा कयास अचूक ठरला. यागी तेइनोसुके नावाच्या एका हाडवैद्याने त्यांना आपल्या जुन्या सहाध्यायाकडे, फुकुदा हाचिनोसुके यांच्याकडे, धाडले.

फुकुदा हे तेन्जिन शिन्यो संप्रदायाचे. त्यांच्या अध्यापनाची एक हकीकत कानो पुढे सांगत असत. एकदा गुरूंनी त्यांना एका डावाने फेकले. हात कोठे घातला, पाय कसा टाकला, अंग कसे फिरविले, असे शिष्याने विचारले. गुरू 'ये' म्हणाले आणि पुन्हा फेकले. शिष्य उठला आणि त्याने तेच विचारले. गुरूंनी त्याला पुन्हा फेकले. विद्यापीठात राज्यशास्त्र आणि अर्थशास्त्र शिकणाऱ्या, प्रत्येक विधानास प्रमाण मागण्याची सवय लागलेल्या त्या तरुणाला अखेर एवढेच उत्तर मिळाले, की विचारून का हे समजणार आहे, हजार वेळा केलेस म्हणजे आपोआप समजेल. सोलून निघालेल्या अंगाला उग्र वासाचा मलम फासून हा विद्यार्थी वर्गात जाऊन बसे, आणि त्या वासाची चेष्टा सोबती करीत. परंतु त्याने प्रश्न सोडला नाही. तो गुरूला विचारण्याऐवजी पुस्तकांना विचारू लागला. फुकुशिमा नावाचा एक धिप्पाड गुरुबंधू काही केल्या आवरेना, तेव्हा कानोंनी प्रथम सुमोचे पेच अभ्यासले, त्यांनीही भागेना म्हणून पाश्चात्त्य कुस्तीची पुस्तके चाळली, आणि प्रतिस्पर्ध्याला खांद्यांवर आडवा उचलून टाकण्याचा डाव त्यांतून शोधून त्याला चीत केले. 'काता गुरुमा' या नावाने तो डाव आजही शिकविला जातो.

१८७९ मध्ये फुकुदा वारले आणि घरच्यांनी संप्रदायाच्या पोथ्या कानोंच्या स्वाधीन केल्या. त्याच संप्रदायाचे इसो मासातोमो हे त्यांचे दुसरे गुरू. वयोमानामुळे ते स्वतः झुंज खेळत नसत, पण 'काता', म्हणजे ठरलेल्या हालचालींचे पाठ, ते विलक्षण नजाकतीने करून दाखवीत. १८८१ मध्ये तेही गेले.

तिसरे गुरू इइकुबो त्सुनेतोशी हे कितो संप्रदायाचे. पन्नाशी उलटली तरी ते शिष्यांशी स्वतः झुंजत, आणि फेकीच्या डावांत त्यांचा हात धरणारा कोणी नव्हता. असे असता एके दिवशी कानोंनी त्यांना पुनःपुन्हा फेकले, आणि गुरूंना मात्र एकही डाव साधेना. नेहमीपेक्षा वेगळे काय केलेस, असे या वेळी गुरूने शिष्याला विचारले. फुकुदांकडे न मिळालेले उत्तर आता शिष्याजवळ तयार होते: प्रतिस्पर्धी ओढू लागला तर ढकलावे, ढकलू लागला तर ओढावे, अशा रीतीने आधी त्याचा तोल ढळवावा आणि मगच डाव टाकावा, जोपर्यंत तो आपल्या पायांवर नीट उभा आहे तोपर्यंत उत्तमोत्तम डावही व्यर्थ. आपल्याजवळ तुला शिकविण्यासारखे आता उरले नाही, असे इइकुबोंनी मोकळेपणाने सांगितले आणि पुढे संप्रदायाची सनदही दिली. वाघाला सारे शिकवून झाडावर चढणे तेवढे राखून ठेवणाऱ्या मांजरीची गोष्ट आपण लहानपणी ऐकतो आणि आपल्या तालमींतही वस्तादाच्या राखीव डावाचे कौतुक चालते. त्या मानाने या म्हाताऱ्याचे औदार्य मला कानोंच्या शोधाहून लहान वाटत नाही.

१८८२ मध्ये तोक्योतील एइशोजी मंदिरात बारा चटयांच्या जागेत कानोंनी 'कोदोकान' सुरू केले. पहिल्या वर्षी शिष्य अवघे नऊ. फी नव्हती, गाकुशुइन विद्यालयातील अध्यापनाच्या वेतनातून खर्च भागे. इइकुबोही तेथे येऊन शिकवीत. फेकाफेकीने मंदिराची कौले हलत, पितरांच्या स्मृतिपाट्या कोनाड्यातून पडत, पुजारी तक्रार करी, आणि रात्री दिवा घेऊन जमिनीखाली शिरून मोडलेली लाकडे कानो स्वतः सांधीत. 'जुत्सू' म्हणजे कला हा शब्द टाकून 'दो' म्हणजे मार्ग हा शब्द त्यांनी स्वीकारला आणि विद्येचे नाव जुदो झाले. त्यांच्या शिक्षणक्रमाची अंगे चार: मोकळी झुंज, काता, व्याख्यान आणि प्रश्नोत्तर. पहिली दोन अंगे जुन्या गुरूंची होती. उरलेली दोन त्यांच्यातल्या मास्तराची, जो पुढे वीस वर्षांहून अधिक काळ तोक्योच्या उच्च अध्यापक विद्यालयाचा प्रमुख राहिला. शक्तीचा सर्वोत्तम विनियोग आणि परस्परांचा उत्कर्ष ही जी दोन सूत्रे त्यांनी १९२२ मध्ये मांडली त्यांवर ग्रंथ झाले आहेत. मला मात्र ते चौथे अंग, प्रश्नोत्तराचे, अधिक मोलाचे वाटते, कारण त्यात फुकुदांसमोर पुनःपुन्हा उठून उभा राहणारा तो सतरा वर्षांचा मुलगा दिसतो. अर्थात फुकुदांनी पहिल्याच दिवशी हात-पाय धरून सारे समजावून दिले असते, तर तो मुलगा समाधान पावून घरी गेला नसता कशावरून?

कानोंनी जुने टाकले असे मात्र नव्हे. कितो संप्रदायाचा काता, ज्यात चिलखत घातलेल्या दोन योद्ध्यांची झुंज कल्पिलेली आहे, तो 'कोशिकी-नो-काता' या नावाने त्यांनी कोदोकानात जतन केला. तो करीत असता घेतलेली त्यांची एक चित्रफीत उपलब्ध आहे. समोर त्यांचे जुने शिष्य यामाशिता योशित्सुगू. दोघेही वृद्ध, अंगावर साधी वस्त्रे, आणि तरीही प्रत्येक पाऊल चिलखताच्या वजनाने पडत असलेले.