एकसष्टाचें कोडें

नांदेडहून गोदावरीच्या कांठाकांठानें वर जाऊं लागलें म्हणजे परभणी जिल्ह्यांत पाथरीचा मुलूख लागतो. जुन्या ग्रंथांतील पार्थपूर तें हेंच, असें बहुतेक अभ्यासक मानतात. येथील ज्ञानराज ज्योतिष्यानें १५०३ मध्यें ‘सिद्धांतसुंदर’ रचला, आणि त्याचा पुत्र सूर्यदास यानें १५३८ मध्यें भास्कराचार्यांच्या ‘बीजगणिता’वर ‘सूर्यप्रकाश’ ही टीका लिहिली. सूर्यदास मोठा विलक्षण गृहस्थ असला पाहिजे! सुलट वाचतां रामाची व उलट वाचतां कृष्णाची कथा निघावी, असें काव्यही त्यानें रचलें आहे.

अशा पुरुषासमोर ‘बीजगणिता’तील (सन ११५०) चक्रवालाचें उदाहरण आलें. कोणत्या संख्येच्या वर्गाला ६१ नें गुणून त्यांत १ मिळविला असतां पुनः पूर्ण वर्गच येतो? हाच प्रश्न ६७ विषयींही आहे. दोन्ही मूळसंख्या, एक व स्वतः यांवांचून त्यांना दुसरा भाजक नाहीं. आतां ६१ चे शेजारी पाहा. ६० ला उत्तर ४, ६२ ला ८, आणि ६३ ला तर नुसता १ पुरतो. ६१ ला मात्र सर्वांत लहान उत्तर २२,६१,५३,९८० येतें! एकेक संख्या घेऊन पाहणाऱ्याचें आयुष्य त्यांत सरेल.

आचार्यांची वाट मात्र आंखूड आहे. ८ चा वर्ग ६१ हून ३ नें अधिक. त्यावरून चक्र एकदां फिरविलें कीं ३९ चा वर्ग मिळतो. तो ५ च्या वर्गाच्या एकसष्टपटीहून ४ नें कमी. ब्रह्मगुप्ताच्या ‘भावने’नें पुढें गेलें म्हणजे २९,७१८ चा वर्ग ३,८०५ च्या वर्गाच्या एकसष्टपटीहून बरोबर १ नें उणा येतो. या दोन संख्यांच्या गुणाकाराची दुप्पट, तेंच उत्तर.

ही ‘उणा एक’ची पायरी ६७ ला लाभत नाहीं, तेथें ‘उणे दोन’वरून जावें लागतें, आणि उत्तर ५,९६७ वरच थांबतें. असें कां? आचार्यांनीं नियम सांगितला आहे कीं गुणक दोन वर्गांची बेरीज नसेल तर उणा एक साधणें अशक्य. ६१ म्हणजे २५ आणि ३६. ६७ ची तशी फोड होत नाहीं.

फ्रान्समध्यें फर्मानें १६४० मध्यें प्रतिपादिलें कीं चारानें भागून १ उरणारी प्रत्येक मूळसंख्या दोन वर्गांची बेरीज असते. ऑयलरनें पुढें तें सिद्ध केलें. त्याच फर्मानें १६५७ मध्यें हाच ६१ चा प्रश्न आव्हान म्हणून घातला, पांचशें वर्षांनीं, भास्कराचार्यांचें नांवही न ऐकतां. समीकरणाला पुढें नांव मिळालें पेलचें. त्याचा या शोधाशीं फारसा संबंध नव्हता, पण नांवें अशींच चिकटतात.

आचार्यांच्या नियमाची उलट बाजू मूळसंख्यांपुरतीच निरपवाद आहे. तशी प्रत्येक विषम मूळसंख्या, कितीही अंकांची असो, दोन वर्गांत फुटली कीं तिला उणा एक मिळतोच. संयुक्त संख्यांत ही हमी नाहीं. ३४ म्हणजे ९ आणि २५. तरी ३४ ला तो मिळत नाहीं.