पोपची आज्ञा आणि पोपचेच वचन

हैदराबादेतील गनफाउंड्रीवरून, म्हणजे जुन्या ‘तोप का सांचा’वरून जाताना सेंट जोसेफ कॅथीड्रलची भव्य वास्तू दृष्टीस पडते. 1875 च्या नाताळात ती उपासनेसाठी खुली झाली. सिकंदराबादचे सेंट मेरीचे चर्च त्याहून जुने. ते 1850 मध्ये पुरे झाले. ही मंदिरे ज्या काळात उभी राहिली, त्या काळी भारतातील कॅथॉलिक समाज एका कडव्या गृहकलहात सापडला होता, ही गोष्ट आज फारशी कोणाच्या स्मरणात नाही.

त्या कलहाचे मूळ मोठे चमत्कारिक होते. पोपची आज्ञा शिरसावंद्य, हे दोन्ही पक्षांना मान्यच होते. परंतु पूर्वीच्या पोपांनी कायमचे म्हणून दिलेले वचन पुढच्या पोपने मागे घेतले, तर श्रद्धाळू माणसाने कोणाचे ऐकावे, हा खरा प्रश्न होता.

पंधराव्या आणि सोळाव्या शतकांतील पोपांनी पूर्वेकडील धर्मकार्याचा भार पोर्तुगालच्या राजावर सोपविला. राजाने चर्चे बांधावीत, धर्मगुरूंचा खर्च चालवावा आणि त्याच्या मोबदल्यात बिशपांची नावे सुचवावीत, अशी ही व्यवस्था होती. तिला ‘पाद्रुआदो’ म्हणजे राजाश्रयाचा हक्क म्हणत. 1534 मध्ये गोव्याला बिशपपीठ झाले आणि पुढे पूर्वेकडील कॅथॉलिकांचे ते मुख्य पीठ ठरले. परंतु पोर्तुगालचे सामर्थ्य ओसरू लागले, तसे राजाचे हातही तोकडे पडू लागले. मग रोमने 1622 मध्ये ‘प्रॉपगंडा’ नावाचे धर्मप्रसार मंडळ स्थापिले आणि त्याच्यामार्फत आपले बिशप थेट पाठविण्यास आरंभ केला.

पहिली ठिणगी आपल्या दख्खनच्या उंबरठ्यावरच पडली. गोव्याच्या दिवाडी बेटावरील ब्राह्मण कुळात जन्मलेले मातेउश दे कास्त्रो यांना गोव्यात धर्मगुरूपदाची दीक्षा मिळेना, तेव्हा त्यांनी थेट रोम गाठले. तेथे त्यांना दीक्षा मिळाली आणि 1637 मध्ये ते बिशपही झाले. आदिलशाही मुलुख त्यांच्याकडे सोपविण्यात आला. ते परतले तेव्हा गोव्याच्या धर्माधिकाऱ्यांनी त्यांचा अधिकार मानण्याचे नाकारले. अखेर पोर्तुगीज हद्दीबाहेर, डिचोलीस, त्यांना ठाण मांडावे लागले.

मुंबईत तिसरा पक्ष होता तो ईस्ट इंडिया कंपनीचा. पोर्तुगीज पाद्र्यांच्या राजनिष्ठेविषयी साशंक होऊन कंपनीने 1720 मध्ये त्यांना घालवून दिले आणि चर्चे रोमने नेमलेल्या कार्मेलाइट बिशपांच्या हाती दिली. 1794 मध्ये तडजोड म्हणून चर्चांची वाटणी झाली. पुढे एकाच शहरात, कधी एकाच वस्तीत, दोन धर्मसत्ता नांदू लागल्या. कोण कोणाच्या आज्ञेत, हे घराच्या पत्त्यावर न ठरता कुळावर आणि पक्षावर ठरू लागले.

1838 मध्ये पोप सोळावे ग्रेगरी यांनी कोचीन, क्रांगानूर व मैलापूर या पीठांचे अधिकार काढून ते रोमच्या प्रतिनिधींकडे दिले. गोवेकर धर्मगुरूंनी उलट विचारले, की राजाच्या संमतीवाचून हे फर्मान बंधनकारक कसे? राजाश्रय हा करार आहे. तो एका पक्षाने कसा मोडावा? रोमचा पक्ष म्हणे, हक्क कर्तव्यासाठी दिला होता. कर्तव्य सुटले तेथे हक्कही सुटला. अशा वातावरणात 1851 मध्ये हैदराबादचा स्वतंत्र धर्मप्रांत अस्तित्वात आला. डॅनियल मर्फी हे आयरिश बिशप त्याचे प्रमुख झाले. पुढे ते दूर टास्मानियातील होबार्टला गेले.

इकडे मार्च 1853 मध्ये माहीमचे सेंट मायकेल चर्च विरुद्ध पक्षाच्या हाती जाऊ नये म्हणून मुंबईचे बिशप अनास्ताझियस हार्टमन अनुयायांसह आत ठाण मांडून बसले. अखेर सरकारी हुकुमाने चर्च गेलेच. त्याच वर्षी पोप नववे पायस यांनी गोवेकर पक्षाच्या पुढाऱ्यांना कठोर शब्दांत बजावले. वादाची खरी झळ लागली ती सामान्य कुटुंबांना. ज्या धर्मगुरूने आपले लग्न लावले, लेकराला बाप्तिस्मा दिला, त्याचा अधिकार खरा की खोटा, हा संशय माणसाच्या देव्हाऱ्यापर्यंत पोहोचला. पुण्यातील पंचहौद मिशनच्या चहावरून उठलेले ग्रामण्य ज्यांना ठाऊक आहे, त्यांना धर्मसत्तेचा वाद घराघरांत कसा शिरतो हे निराळे सांगावयास नको.

1870 मध्ये व्हॅटिकनच्या पहिल्या धर्मपरिषदेने पोपची सत्ता सर्वोच्च आणि प्रत्येक धर्मपीठावर थेट चालणारी ठरविली. तरी व्यवहारात तडजोड लागलीच. 1886 च्या करारानुसार पोर्तुगालचा हक्क काही पीठांपुरता उरला आणि त्याच वर्षी हैदराबादला रीतसर बिशपपीठ मिळाले. हे ज्यांना पटले नाही त्यांत गोव्याचे आंतोनियो आल्व्हारिस होते. त्यांनी 1889 मध्ये केरळच्या सीरियन ऑर्थोडॉक्स परंपरेत बिशपपद घेतले. रोमने त्यांना बहिष्कृत केले. 1923 मध्ये रायबंदर येथे त्यांचा अंत झाला.

मुंबईतील दुहेरी सत्ता 1928 मध्ये संपली आणि 1950 मध्ये पोर्तुगालने भारतातील उरलासुरला हक्कही सोडला. त्याच वर्षी व्हॅलेरियन ग्रेशस हे मुंबईचे पहिले भारतीय आर्चबिशप झाले. 1953 मध्ये हैदराबादही आर्चबिशपांचे पीठ बनले.

वाद मिटला, परंतु प्रश्न मिटला नाही. 1570 मध्ये पोप पाचवे पायस यांनी लॅटिन मिस्साविधी कायमचा म्हणून घालून दिला होता. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर तो बदलला, तेव्हा फ्रेंच आर्चबिशप मार्सेल लफेव्र यांनी त्या जुन्या फर्मानाचाच आधार घेतला. ही सुधारणा म्हणजे दहावे पायस यांनी 1907 मध्ये निषेधिलेला आधुनिकवाद होय, असा त्यांचा आक्षेप होता. 1988 मध्ये पोपच्या संमतीवाचून चार बिशपांना दीक्षा देऊन त्यांनी बहिष्कार ओढवून घेतला. पुढे 2007 मध्ये सोळावे बेनेडिक्ट यांनी जुन्या विधीला मोकळीक दिली. 2021 मध्ये फ्रान्सिस यांनी ती पुन्हा आखडली. कायमचे म्हणजे किती काळ, हा गोवेकरांचा प्रश्न असा रोमच्याच दारी परत आला.

आज्ञा मोडणारा प्रत्येक माणूस बंडखोर असतोच असे नाही. कित्येकदा तो कालच्या आज्ञेशी इमान राखीत असतो. म्हणूनच अशा वादांत दोष देण्यापूर्वी, ज्याला आपण हट्टी म्हणतो त्याला कोणी आणि केव्हा शब्द दिला होता, एवढे तरी इतिहासाने विचारून घ्यावे.