गड्डा आणि सुट्टी

'सहल' हा शब्द आज आपण जितक्या सहज उच्चारतो तितका त्यामागचा इतिहास सोपा नाही. आईवडील आणि दोन लहान मुले यांनी नवस, लग्न, मर्तिक असे काहीही निमित्त नसताना, केवळ मौजेसाठी घराला चार दिवस कुलूप लावून दूरगावी जाणे, ही गोष्ट आपल्याकडे फार तर दोन-तीन पिढ्यांची आहे. विष्णुभट गोडसे १८५७ साली वरसईहून निघाले ते द्रव्यार्जनासाठी. पंढरीला जाणारे वारीसाठी जात. लेकुरवाळी माहेरवाशीण मुलांना घेऊन निघे ती आजोळच्या वाटेने. मुलांची करमणूक हाच प्रवासाचा हेतू आणि मुले हीच त्या प्रवासाची मुख्य मंडळी, ही कल्पना जुन्या मराठी गद्याच्या मनातही फारशी आलेली दिसत नाही.

सोलापुरात तर तिची गरजच पडली नसावी, कारण इथे मौज वर्षातून एकदा स्वतः चालत मुलांच्या दारी येत असे. ती अजूनही येते. तिचे नाव गड्डा.

सिद्धरामेश्वर हे बाराव्या शतकातले शिवयोगी, बसवेश्वर आणि अल्लमप्रभू यांचे समकालीन, कन्नड वचनकार. तेव्हाच्या सोन्नलगीत त्यांनी तलाव खोदवला आणि अडुसष्ट लिंगांची स्थापना केली, असे परंपरा सांगते. त्यांच्याशी विवाह करण्याचा हट्ट एका कुंभारकन्येने धरला, तेव्हा विरक्त सिद्धरामांनी तिला आपल्या योगदंडाशी विवाह करण्याची अनुमती दिली. यात्रा म्हणजे या विवाहाचीच दरवर्षीची उजळणी. सात नंदीध्वज अडुसष्ट लिंगांच्या प्रदक्षिणेला निघतात, बाराबंदी घातलेले भक्त ते आळीपाळीने पेलतात, भोगीला संमती कट्ट्यावर अक्षता पडतात, संक्रांतीला होम होतो, किंक्रांतीला शोभेचे दारूकाम. लगतचे जे विस्तीर्ण पटांगण होम मैदान म्हणून ओळखले जाते, त्यावर याच दिवसांत पाळणे, जादूचे खेळ, मौत का कुआँ, खेळण्यांची आणि खाद्यपदार्थांची दुकाने उभी राहतात. विधी चार-पाच दिवसांत आटोपतात. मैदानावरची गजबज मात्र पुढे कितीतरी दिवस चालू असते.

आता 'थीम पार्क' या शब्दाकडे पाहू. थीम म्हणजे कल्पनासूत्र. अशा पार्कात पाळणे सुटेसुटे नसतात. एका कथेत ते ओवलेले असतात. १९५५ च्या १७ जुलैला कॅलिफोर्नियातील अनाहाइम येथे डिस्नेलँड उघडले, ते या कल्पनेचे सर्वांत गाजलेले रूप. आपल्या मुली मेरी-गो-राउंडवर बसलेल्या असताना आपण बाकावर शेंगदाणे खात रिकामे बसत असू, आणि आईबापांना व मुलांना एकत्र रमता येईल अशी जागा हवी हे तेव्हाच सुचले, असे वॉल्ट डिस्ने सांगत. त्याआधीची अमेरिकन करमणूकस्थाने, विशेषतः न्यूयॉर्कजवळच्या कोनी आयलंडवरची, तरुण जोडप्यांची आणि कामगारांची होती. त्यांना भपका होता, प्रतिष्ठा नव्हती. डिस्ने यांनी भोवती उंच बांध घातला, प्रवेशद्वारी तिकीट ठेवले आणि आत आपल्या बालपणीच्या गावासारखा एक रस्ता बांधला. त्या रस्त्यावर भूतकाळ होता; त्यातला कचरा, दारू आणि दारिद्र्य तेवढे वगळलेले होते.

या दृष्टीने पाहिले तर कल्पनासूत्र गड्ड्यालाही आहे, आणि ते कुणा चित्रकाराने रचलेले नाही. मैदानावर पाळण्यात बसलेले पोर एका लग्नाला आलेले असते. फरक भिंतीचा आहे. गड्ड्याला भिंत नाही आणि म्हणून शहराचे जे काही चालू असेल ते आत येते. मार्शल लॉच्या खटल्यातले मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे आणि कुर्बान हुसेन यांना येरवड्यात फाशी झाली ती १२ जानेवारी १९३१ रोजी, यात्रेच्या ऐन तोंडावर. तेव्हापासून सोलापूरच्या पंचांगात हुतात्म्यांचा दिवस आणि अक्षतांचा सोहळा शेजारी शेजारी येतात. कुठल्याही पार्कच्या दिनदर्शिकेला असे ओझे वाहावे लागत नाही, आणि त्याचा हलकेपणा पुष्कळसा यामुळेच आहे.

पाळण्याचा इतिहासही इथे आठवावा. माणसांच्या हातांनी फिरणारे लाकडी उभे पाळणे सतराव्या शतकात तुर्की मुलखात युरोपीय प्रवाशांनी पाहिले होते. जॉर्ज फेरिसने १८९३ च्या शिकागो प्रदर्शनात २६४ फूट उंचीचे पोलादी चक्र उभारले. त्याला छत्तीस डबे होते आणि एकेका डब्यात साठ माणसे मावत. (त्याच वर्षी, त्याच शहरात विवेकानंद बोलले. आपल्या पाठ्यपुस्तकांनी भाषण लक्षात ठेवले, चक्र विसरले.) म्हणजे जत्रेतून प्रदर्शनात, प्रदर्शनातून पार्कात आणि पार्कातून विजेच्या दिव्यांसह पुन्हा जत्रेत, असा हा पाळणा फिरून आला आहे. तेव्हा जत्रा ती अस्सल आणि पार्क ते परके, ही आपली लाडकी विभागणी फारशी टिकत नाही.

मग खरा भेद कुठे आहे? माझ्या मते तो सुट्टीत आहे. जत्रा पंचांगावर चालते, सहल रजेवर. आणि भरपगारी रजा हा आपल्याकडचा अगदी अलीकडचा हक्क. १९४८ च्या कारखाने कायद्याने वर्षात २४० दिवस काम केलेल्या प्रौढ कामगाराला दर वीस दिवसांमागे एक दिवस पगारी रजा दिली. केंद्र सरकारने आपल्या कर्मचाऱ्यांसाठी रजा प्रवास सवलत १९५६ मध्ये सुरू केली. मध्यमवर्गीय कुटुंबसहलीचा जन्मदाखला शोधायचा तर तो या रुक्ष कागदांत सापडेल. सोलापूरची जुनी मिल १८७० च्या दशकातली. गिरण्यांच्या भोंग्यावर या शहराने घड्याळ लावले. पण रजेचा हक्क कागदावर येऊन रुळतो न रुळतो तोच, १९६० च्या दशकात, जुनी मिल बंद पडली. लक्ष्मी-विष्णूचा भोंगा १९९० च्या दशकात थांबला. उरले ते यंत्रमागाचे लहान लहान कारखाने, कारखाने कायद्याच्या कक्षेत पुष्कळदा न येणारे, आणि घरोघरी हजार विड्यांमागे मजुरी मिळवणाऱ्या स्त्रिया. सूप मांडीवरून खाली ठेवले की मजुरी थांबली. अशा घरातल्या मुलाला 'आपण मे महिन्यात कुठे जायचे' हा प्रश्नच पडत नाही. कुंभारीला विडी कामगार स्त्रियांची दहा हजार घरकुले २००६ मध्ये झाली. तिथून एखादी बाई संध्याकाळी पोरांना रिक्षात घालून होम मैदानावर आणू शकते आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा पाने कातरायला बसू शकते. तिच्या रोजाला फारसा धक्का न लावता होणारी ही एकमेव सहल आहे.

नोकरदारांची वाट मात्र वेगळी झाली. मुंबईजवळ गोराईला १९८९ मध्ये एस्सेलवर्ल्ड निघाले आणि दूरदर्शनवरच्या जाहिरातीतून त्याचे गाणे सोलापूरच्या मुलांनाही पाठ झाले. तिथे जायचे तर रात्रीची गाडी. त्या गाडीचे नाव सिद्धेश्वर एक्स्प्रेस, हा योग आम्हांला नेहमी गमतीचा वाटत आला आहे. २०१३ मध्ये खोपोलीजवळ इमॅजिका उघडले. पण सोलापूरकरांचा ओढा पश्चिमेइतकाच पूर्वेला. रामोजी फिल्म सिटी १९९६ ची, हैदराबादचे वंडरला २०१६ चे. पुण्याहून निघून सोलापूर, हैदराबाद करत मच्छलीपट्टणमला जाणारा राष्ट्रीय महामार्ग ६५ थेट रामोजीच्या बाजूने जातो. याच दिशेने तेलंगणातले पद्मशाली विणकर पिढ्यान्पिढ्या हातमागाच्या आशेने सोलापुरात आले. त्यांची आज नोकरीपेशात असलेली नातवंडे आपली मुले घेऊन उलट दिशेला जातात ती पुठ्ठ्याचे राजवाडे पाहायला. आजोबांचे गाव त्याच मुलखात कुठेतरी असते. सहलीच्या कार्यक्रमपत्रिकेत ते सहसा नसते.

जिल्ह्यातच अकलूजला सयाजीराजे पार्क आहे. ज्या शहरात वर्षानुवर्षे नळाला चार-पाच दिवसांआड पाणी आले, तिथल्या मुलांना जलक्रीडेचे अप्रूप का वाटावे, हे वेगळे सांगायला नको.

पार्कला नावे ठेवणे सोपे आहे आणि आमच्या पेशातली मंडळी ते उत्साहाने करतात. पण जत्रेतल्या आईचे चित्र जरा नीट आठवावे. एका कडेवर तान्हे, दुसऱ्या हाताला सुटू पाहणारे मोठे, डोक्यात हरवण्याची भीती, भोवती धक्काबुक्की आणि धूळ. ती पाळण्याखाली उभी राहून वर बसलेल्यांच्या चपला सांभाळते. पार्कात तीच बाई स्वतः पाळण्यात बसते, मोकळेपणी किंचाळते, आणि कुणी वळून पाहत नाही. भिंतीने जे बाहेर ठेवले त्यात तिच्यावरची नजरही होती. हा लाभ लहान मानण्याचे कारण नाही. फक्त त्याची किंमत दाराशी माणशी मोजावी लागते, आणि मग आजीला घरी ठेवण्याचा हिशेब सुरू होतो. गड्ड्यात आजी फुकट येते. कुटुंब म्हणजे चौघे, ही व्याख्या समाजशास्त्राच्या पुस्तकांइतकीच तिकीटखिडकीनेही आपल्या गळी उतरवली आहे.

देवस्थान आणि पार्क यांचे आता पुन्हा सख्य जुळते आहे, हेही नोंदवले पाहिजे. २०२२ मध्ये इमॅजिका ज्या संगमनेरच्या मालपाणी समूहाने घेतली, त्याचे नाव महाराष्ट्रात गाय छाप जर्द्यामुळे घरोघरी पोचलेले. शिर्डीत त्यांचा जलक्रीडा पार्क आहे आणि साईतीर्थ हे भक्तीवरचे थीम पार्कही. सकाळी दर्शन, दुपारी घसरगुंडी. सिद्धरामांच्या गावाला यात नवे काही वाटू नये. इथे हा क्रम शतकानुशतके चालत आला आहे, मधले तिकीट तेवढे नव्हते.

जानेवारी २०२१ मध्ये करोनामुळे धार्मिक विधी मोजक्या मानकऱ्यांच्या उपस्थितीत झाले आणि गड्डा भरला नाही. ज्यांना रजा होती त्यांच्या सहली पुढे ढकलल्या गेल्या. निर्बंध उठल्यावर त्यांनी हैदराबादची वाट धरली. कुंभारीच्या पोरांसाठी पुढे ढकलण्यासारखे काही नव्हते. पहिला पाळणा वयाच्या चौथ्या-पाचव्या वर्षी मिळतो, आणि ते वर्ष होम मैदानावर मोकळ्या मातीत गेले.